डाव्या मुंढ्याखाली

४ जून

आले एकदाची. खोली लहान आहे, पण दोन बाजूंना खिडक्या आहेत, खाली कुलपं-किल्ल्यांचं दुकान आहे, आणि जिना इतका शहाणा की माझे गुडघेही कुरकुरले नाहीत. छोटा फ्रीज मिळाला. त्यात दूध, लोणी आणि माझं इंजेक्शन शेजारी शेजारी लावून ठेवलं. माझा आणि संधिवाताचा वीस वर्षांचा संसार आहे. तो रुसतो, मी मनवते, पण घटस्फोट काही होत नाही. ही वहीसुद्धा त्याच्यासाठीच. सांध्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय की रोज सकाळी बोटं किती आखडली ते लिहून ठेवा. लिहीन, पण नुसत्या बोटांबद्दल माणूस किती लिहिणार?

कामाची जागा तर फारच आवडली. नाटकांचे पोशाख शिवणारी कार्यशाळा आहे. लांबलचक टेबलं, छतापर्यंत गेलेल्या खिडक्या, भिंतीवर राजे-राण्यांचे कोट उलटे टांगलेले. मुख्य कटर म्हणजे मास्तर. वय झालेलं, गळ्यात कायम टेप, बोलणं मोजकं. त्यांनी आधी माझी वाकडी बोटं पाहिली, मग मी कापलेली बाही पाहिली, आणि खिडकीजवळचं टेबल मला दिलं. दुपारभर मी एकटीच हसत होते.

७ जून

इथे एक पद्धत आहे. नव्या कटरने आल्या आल्या आपल्या मापाची डमी बांधायची. एक लाकडी धड मिळतं, त्याला डोकं नाही, हात नाहीत. त्यावर कापूस आणि कापडाचे थर चढवून, टाके घालून, ते अगदी आपल्यासारखं करायचं. आपण जाड झालो की तिलाही जाड करायचं. मास्तर म्हणतात, ज्याला स्वतःचं अंग कळत नाही त्याने दुसऱ्याच्या कापडाला कात्री लावू नये. काम सोडून जाताना आपले थर आपणच उसवायचे आणि लाकूड उघडं करून परत द्यायचं.

माझ्या वाट्याला आलेली डमी उघडी नव्हती. आधीच्या कटरबाई अचानक गेल्या, त्यांचे थर तसेच राहिले. ते उसवायचं काम माझ्याकडे आलं. टाके बारीक आणि दाट, आणि सकाळची माझी बोटं म्हणजे गोठलेल्या मेणबत्त्या. पुष्कळ झटले, चारदोन टाके निघाले. मग टेप लावून पाहिली तर काय, बाई माझ्यापेक्षा जराशाच सडपातळ. म्हटलं, कशाला उसवत बसा? त्यांच्यावरच माझा कापूस चढवला आणि वरून कापड ताणून शिवून टाकलं. मास्तरांनी माप तपासलं, मान डोलावली. कुणाला पत्ताही लागला नाही. मी तिला बाईसाहेब म्हणते, कारण ती नुसती उभी असते आणि राबते मी.

१९ जून

राणीचं काम करणारी नटी माझ्याच अंगाची, म्हणून तिचा कोट बाईसाहेबांना घातला, तर डाव्या मुंढ्याखाली, म्हणजे बाही जिथे धडाला जोडतात त्याच्या जरा खाली, कापड ओढलं गेलं. कापणी पुन्हा तपासली. बरोबर होती. कोट काढून हात फिरवला तर तिथे सुपारीएवढी टणक गाठ. कापूस गोळा झाला असणार. पट्टीने ठोकून बसवली. मास्तर लांबून पाहत होते, त्यांना वाटलं मीच चुकले. चूक माझी नाही हे पटवायचं तर खालचा थर दाखवावा लागला असता, म्हणून मूग गिळून गप्प बसले. दिवसभर चिडचिड झाली.

बोटं सकाळी बरी होती. इंजेक्शन वेळेवर घेतलं.

४ जुलै

गाठ पुन्हा वर आली होती. परवा शिवण उसवून कापसाचा घट्ट गोळा बाहेर काढला, केराच्या टोपलीत टाकला आणि पुन्हा शिवलं. आज अंघोळ करताना साबणाचा हात माझ्या स्वतःच्या डाव्या काखेखाली अडला. सवयीने टेप घेऊन मापलं. कामावर गेल्यावर बाईसाहेबांवर मापलं. सुताचाही फरक नाही.

दुपारी सांध्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मान वर न करताच सांगितलं की तुमच्या आजारात अशा ग्रंथी सुजायच्याच. यांच्याकडे सगळ्याला एकच उत्तर. केस गळले, संधिवात. झोप येत नाही, संधिवात. दाढ दुखली तेव्हासुद्धा आधी संधिवातच होता, कीड नंतर सापडली. डमीचं मी काही बोलले नाही. बोलले असते तर तोही संधिवातच ठरला असता.

१८ जुलै

हट्ट धरून सुईने नमुना घ्यायला लावला. ट्यूमर आहे. चांगल्या जातीचा नाही, पण लहान आहे, लवकर काढला तर निभावून जाईल, असं गाठीचे डॉक्टर म्हणाले. दुष्काळात तेरावा महिना. मला रडू आलं नाही, राग आला. वीस वर्षं एका आजाराची मर्जी सांभाळतेय, आता या दुसऱ्याला कुठे बसवू?

गाठीचे डॉक्टर म्हणतात, सांध्यांचं इंजेक्शन ताबडतोब बंद करा, त्याने अंगाची ताकद दबते, जखम भरणार नाही. सांध्यांचे डॉक्टर म्हणतात, बंद केलं तर बोटं मिटतील ती कदाचित पुन्हा उघडणारही नाहीत, तेव्हा त्यांनाच विचारा. त्यांना विचारलं तर ते म्हणतात, सांध्यांचं आम्हाला काय ठाऊक, तुम्ही तिकडे विचारा. दोन इमारती, मध्ये रस्ता, आणि हेलपाटे माझे. शेवटी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की पेशंटने शांत राहायला हवं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. एकाला माझी बोटं दिसतात, दुसऱ्याला माझी गाठ. मी काही कुणाला दिसत नाही.

ताईला फोन केला. ती माझी थोरली बहीण, आणि घरातली रडायची जबाबदारी तिच्याकडेच असते. ती रडली, मी तिची समजूत काढली. ऑपरेशन आठ ऑगस्टला आहे. सकाळी ती मला न्यायला येणार आहे.

इंजेक्शन बंद केलं. गाठ काढली नाही तर मी जगत नाही, आणि हात गेले तर जगून कापणार काय? इकडे आड, तिकडे विहीर.

२७ जुलै

कात्री उघडत नाही. दोन्ही हातांनी धरली तरी नाही. बटणं लावणारी बाई, जिला सगळे बटणवाली म्हणतात, माझं कापड कापून देते आणि मास्तर बघून न बघितल्यासारखं करतात. मला दया नको आहे, मला कात्री हवी आहे.

आज तिला आधीच्या कटरबाईंबद्दल विचारलं. ती म्हणाली, त्यांनाही डाव्या बाजूला तिथेच गाठ आली होती. बाई फार काटेकोर. अंगावर आली तशी त्यांनी ती डमीवरही चढवली, इथली पद्धतच ती. मग ऑपरेशनला म्हणून गेल्या त्या गेल्याच. आणि ती डमी कुणी लाकडापर्यंत उघडी केलेली तिला आठवतच नाही, जो तो आपला घाईत. ऐकून मी मोठ्याने हसले. किती दिवसांनी जीव हलका झाला. बाईसाहेबांच्या अंगात भूतबीत नाही, एका प्रामाणिक बाईचा कापूस आहे.

टेबलाशी परत आले तेव्हा आठवलं, तो कापूस तर मी केव्हाच टाकून दिला होता.

हात लावून पाहिला. गाठ आहे. पहिल्याहून मोठी आहे.

३० जुलै

मास्तरांना सगळं सांगून टाकलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. विचारलं, दुसऱ्या बाईच्या अंगावर आपलं अंग चढवताना काहीच वाटलं नाही का? मग खाली बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले की दवाखान्यात जायच्या आधी लाकडापर्यंत उसवा, आणि तुमच्याच हातांनी, दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. माझ्याच हातांनी. मी मिटलेली बोटं त्यांच्या नाकासमोर धरली. त्यांनी नजर वळवली. अशा वेळी पद्धत सांगणाऱ्या माणसांना काय म्हणावं?

३ ऑगस्ट

उसवायला घेतलं. पहिला टाका निघता निघेना. दुसरा निघाला. मग बोटं सुटत गेली. इंजेक्शन नाही, औषध नाही, आणि दुखणं थांबलं. माझा थर पूर्ण काढला. खाली कटरबाईंचा थर, त्याच जागी गाठ. तीही काढली.

संध्याकाळी गाठीच्या डॉक्टरांनी यंत्र फिरवून पाहिलं. माझी गाठ लहान झाली आहे, त्यांचा विश्वास बसेना. ऑपरेशन तरी करायचंच म्हणाले. मला वाटतं गरज पडणार नाही. दोघा डॉक्टरांच्या भांडणात मी माझं माझं काढतेय.

स्कर्ट कमरेला सैल झाला. चिमटा घालून शिवून घेतला.

५ ऑगस्ट

कटरबाईंच्या खाली आणखी कुणाचा तरी थर. गाठ तिथेच. काढली. त्याखाली आणखी एक—

बोटं शाळकरी मुलीसारखी चालतात. चपला मात्र पायातून निसटतात. बटणवाली म्हणाली, अगं, जेवतेस की नाही? मी उत्तर दिलं तेव्हा ती शेजारच्या टेबलाकडे बघत होती.

टेप लावली. मी आणि बाईसाहेब, सगळी मापं एक. ती जितकी उतरली तितकीच मी—

६ ऑगस्ट

थर परत चढवायला गेले. टाका धरत नाही. कापूस घसरतो.

थांबायला हवं. डॉक्टरांना सांगायला हवं. कुठल्या? एक म्हणेल बोटं सुंदर आहेत. दुसरा म्हणेल गाठ कमी आहे. दोघेही खरंच बोलतील.

हात थांबत नाहीत. वीस वर्षांत पहिल्यांदा दुखत नाहीत ते, त्यांना कुठल्या तोंडाने सांगू की—

७ ऑगस्ट

शेवटचा थर निघाला. लाकूड.

गाठ लाकडात आहे. आतून आलेली. कापसात नव्हतीच कधी. जी कटर आली ती तिच्यावर आपलं अंग चढवून गेली.

म्हणजे मी उसवत होते ती गाठ नव्हती. उसवत होते ती—

मास्तर आले. उघडं लाकूड पाहून त्यांना बरं वाटलं. बटणवालीला म्हणाले, नव्या कटरबाई गेल्या वाटतं दवाखान्यात, भेटूनही गेल्या नाहीत.

मी त्यांच्या समोर उभी होते.

८ ऑगस्ट

ताई आली. खाली गाडी उभी आहे.

अक्षर किती सुरेख येतंय.

तिने फ्रीज उघडला. लोणी. इंजेक्शन. भरलेली बॅग पाहिली. मला हाक मारली. मी खुर्चीत आहे, तिच्याकडे तोंड करून. तिने खुर्चीवरचा माझा स्कर्ट उचलला, झटकला, घडी घातली—

आता ती रडते आहे. मी समजूत काढते आहे. नेहमीसारखीच. ऐकू जात नाही.

ताई, मी इथे आहे. अगं, इकडे बघ. निदान हे पेन चालतंय ते तरी—