डाव्या पापणीचा बंदोबस्त

३ फेब्रुवारी, सकाळ

आज उगाच कॉन्व्हेंट शाळेतली ती दुपार आठवली. धाकटीचे डोळे आले होते. मदरनी पट्टी बांधून तिला आजाऱ्यांच्या खोलीत निजवलं होतं आणि मी, मोठी बहीण म्हणून, खाटेच्या कडेवर बसून तिला पुस्तक वाचून दाखवत होते. दुसऱ्याच पानावर तिला झोप लागली. तरी मी गोष्ट शेवटपर्यंत वाचली. कुणाला, ते माहीत नाही. खिडकीत साबणाच्या वड्या वाळत होत्या, त्यांचा वास येत होता. एवढंच. बाकी काही घडलं नव्हतं.

आठवायला कारण आहे. आज नवं पुस्तक सुरू. अंध वाचकांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या आमच्या ग्रंथालयाने दीपगृहावर राहणाऱ्या कुटुंबाची ती जाडजूड कादंबरी मला दिली. बेचाळीस प्रकरणं. मी सुरू केलेलं एकही पुस्तक आजवर दुसऱ्या कुणी संपवलेलं नाही. हेही मीच संपवणार. मे अखेर.

११ फेब्रुवारी

चष्मा बदलला पाहिजे. संध्याकाळ झाली की एका ओळीच्या दोन ओळी होतात. आज दीपगृहावरच्या म्हाताऱ्याला एकच पत्र दोनदा आलं. रेकॉर्डिंगवाल्याने काचेपलीकडून हात वर केला. मी म्हटलं, लेखकाची शैली आहे. तो बिचारा मान हलवून पुढचं रेकॉर्ड करायला लागला.

चूक चष्मेवाल्याची. नंबर काढताना तो फोनवर बोलत होता.

१९ फेब्रुवारी

डावी पापणी संध्याकाळी दुकानाच्या शटरसारखी खाली येते. अर्ध्यावर अडकते. थकवा. दुसरं काय.

खालच्या मजल्यावरचे निवृत्त शिंपी हल्ली जिन्यात फार आदबीने बाजूला होतात. काल तर शर्टाला इस्त्री होती. धाकटी म्हणाली, ताई, तू त्या गृहस्थांना रोज संध्याकाळी डोळा मारतेस. मी तिच्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलले नाही. जेवताना चावून जबडा इतका दमला की नंतरही बोलता आलं नाही. तिला वाटलं, अजून रुसलेय.

२ मार्च

आमच्याकडे प्रत्येक रेकॉर्डिंग आधी वकीलकाका ऐकतात. जन्मापासून दिसत नाही, पूर्वी कायदा शिकवायचे, आणि अजून समोर आरोपी उभा असल्यासारखे बोलतात. त्यांनी पास केलं तरच पुस्तक पुढे जातं. आज निरोप पाठवला: सहाव्या पानापासून बाई नाकात बोलतात, शब्दांची टोकं गिळतात.

पंधरा पुस्तकं पास केली तेव्हा माझं नाक कुठे होतं? त्यांचे कान म्हातारे झालेत. शिवाय स्टुडिओच्या भिंतीवरचा स्पंज जुना झालाय. तक्रार केली आहे. माझी खुर्चीही कुरकुरते. घरून लाल उशी नेऊन ठेवली.

१५ मार्च

धाकटीच्या हट्टाखातर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. मदरचा नियम होता: पेंगुळलेलं तोंड घेऊन पाहुण्यांसमोर जायचं नाही. बक्षीस समारंभाआधी त्या आम्हाला रांगेत उभं करून डोळ्यांवर गार पाणी मारायला लावायच्या. तो नियम मी आजही पाळते. सकाळची पहिली वेळ घेतली. आदला दिवस पूर्ण विश्रांती. थर्मासमध्ये बर्फ नेला, आणि आत बोलावण्याआधी बाथरूममध्ये रुमालात घालून पापणीवर धरला. दोन मिनिटांत पापणी अशी वर, जणू मदरनीच हाक मारली.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. म्हणाले, डोळे तरुण मुलीसारखे आहेत. धाकटीला हे दोनदा सांगितलं.

ती भडकली. तिचं म्हणणं, डॉक्टरकडे आजार घेऊन जायचं असतं, बक्षीस घ्यायला नाही. तिला शिस्तीचं वावडं शाळेपासूनच.

२८ मार्च

घशाचे डॉक्टर. सकाळची वेळ, विश्रांती, घसा गार. उत्तम पास.

संध्याकाळी धाकटीला हा निकाल सांगायला लागले तर वाक्याच्या मध्येच आवाज नाकात गेला. पंखा बंद करून पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच.

९ एप्रिल

टोस्ट खाताना हनुवटीखाली हात धरावा लागतो. पाव शिळा असतो. बेकरी बदलली. नवीही तसलीच निघाली.

केस विंचरताना हात अर्ध्या वाटेवरून परत येतो. धाकटीने न विचारता कंगवा घेतला आणि वेणी घातली. शाळेत मी तिची घालायचे, इतकी घट्ट की भुवया वर जायच्या. म्हटलं, तशीच घाल. पापणीलाही उपयोग होईल.

संकल्प: रोज जबड्याचा व्यायाम. वीस वेळा.

१० एप्रिल

व्यायाम बंद. त्याने जास्तच बिघडतं.

१७ एप्रिल

फार वाईट दिवस. नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे वेळ सकाळची होती. त्यांना तातडीच्या पेशंटसाठी जावं लागलं आणि आम्ही दुपार टळेपर्यंत बाकावर. थर्मासमधल्या बर्फाचं पाणी झालं. ते पाणी डोळ्यावर मारलं तर ब्लाउज भिजला, पापणी मात्र ढिम्म. आत गेले ती एक डोळा मिटलेली, ओली, आणि बोलणं नाकात. इतक्या तयारीनंतर.

डॉक्टरीणबाई नातीच्या वयाच्या. मला आजी म्हणाल्या. छताकडे बघत राहायला सांगितलं, तर दुसरीही पापणी खाली. मग त्यांनी काय करावं? रबरी हातमोज्यात बर्फ भरला आणि माझ्या पापणीवर धरला. पापणी वर.

म्हणाल्या, ही या आजाराची एक साधी चाचणी आहे. स्नायू गार झाला की थोडा वेळ काम करतो.

धाकटीने थर्मास काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. बाथरूम, रुमाल, सगळं. डॉक्टरीणबाई आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि विचारलं, पाणी पिताना ठसका लागतो का. मी नाही म्हटलं. धाकटी हो म्हणाली.

म्हणजे मी महिनाभर स्वतःची चाचणी घेत होते आणि प्रत्येक वेळी पहिली येत होते.

२६ एप्रिल

रक्त तपासलं, छातीचा स्कॅन झाला. आजाराचं नाव लांबलचक आहे, आणि ते म्हणता म्हणताच आवाज नाकात जातो. नाव ठेवणाऱ्याने पेशंटचा विचार केलेला नाही.

डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. नस स्नायूच्या दाराशी येऊन निरोप देते. निरोप घ्यायला स्नायूवर कुलपासारख्या जागा असतात. माझ्याच रक्तातल्या अँटीबॉडीज त्या जागा अडवून बसल्यात, मोडूनही टाकतायत. पहिले काही निरोप पोचतात, म्हणून सकाळ बरी. मग दार उघडत नाही. बाहेरचा जंतू नाही, विषाणू नाही. घरचेच पहारेकरी घरावर उलटलेत.

त्यांना आपलं कोण, परकं कोण हे शिकवणारी एक ग्रंथी छातीच्या हाडामागे असते. थायमस. लहानपणी मोठी असते, पुढे आक्रसत जाते. माझ्या थायमसमध्ये अक्रोडाएवढी गाठ आहे. काढावी लागेल.

शाळाच ती. आणि तिथून आपलं-परकं न कळणारी कार्टी पास होऊन बाहेर पडतायत. मी चार वर्षं मॉनिटर होते. माझ्याच छातीत असली शाळा चालावी?

शाळा बंद केली की आजार गेला, असा हिशोब मी मांडला. त्या म्हणाल्या, तसं नाही. गाठ काढायलाच हवी. पण आधी बाहेर पडलेली मुलं गावातच असतात. फरक पडायला महिने लागतात, कधी वर्षं, कधी मनासारखा पडतच नाही.

हे इतर पेशंटना सांगत असाव्यात. मला ऑपरेशननंतर दोन महिने पुरतील. पुस्तक आता ऑगस्ट अखेर.

५ मे

गोळ्या सुरू. चमत्कार. गोळी घेतली की आवाज घंटेसारखा. आज एका बैठकीत तीन प्रकरणं. रेकॉर्डिंगवाल्याने अंगठा दाखवला. पोटात मात्र गिरणी सुरू असते, तिचा आवाज माईकमध्ये आला. दीपगृहावर वादळाचा प्रसंग होता, खपून गेलं.

६ मे

कालच्या तीन प्रकरणांची शिक्षा. सकाळपासून मान वर धरवत नाही. उशिरा कळलं की वकीलकाकांनी तिसरं प्रकरण परत पाठवलंय. वादळाच्या प्रसंगात पोट कुणाचं, असंही विचारलंय.

३० मे

ऑपरेशनआधी शक्ती यावी म्हणून पाच दिवस सलाईन. हजारो अनोळखी लोकांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडीज म्हणे. सभ्य घरातल्या असाव्यात. चौथ्या दिवशी टोस्ट हात न लावता खाल्ला. पापणी वर. धाकटीला म्हटलं, मग ऑपरेशनची गरजच काय, मी बरी झाले. तिने बॅग भरली. माझे मोजे, माझा कंगवा, आणि थर्मास. म्हटलं, थर्मास कशाला. म्हणाली, चहाला.

ही सुधारणा थोड्याच आठवड्यांची असते, हे मला सांगितलेलं होतं. मी ते नीट ऐकलं नव्हतं.

१३ जून

ऑपरेशन होऊन घरी आले. छातीचं हाड तारांनी शिवलंय. शाळा गेली. अक्षर वाकडं. श्वासाची नळी काढल्यावर पहिला शब्द काय बोलावा याचा विचार करून ठेवला होता. तोंडातून निघालं, "धाकटे, घट्ट घाल." ती खरंच वेणी घालायला लागली.

गाठ पूर्ण निघाली म्हणतात. हे बरं.

१४ जुलै

रोज सकाळी आरशात पापणीची हजेरी घेते. सकाळी हजर. दुपारी गैरहजर. महिना झाला. शाळा बंद करूनही ही टोळी कुठे फिरते आहे, कळत नाही. डॉक्टरीणबाईंना फोन करून जरा कडक शब्दांत विचारलं. त्यांनी एप्रिलमधलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. नवी गोळी वाढवली, या पहारेकऱ्यांचा जोर कमी करायला. शेवटी म्हणाल्या, आजी, सावकाश. मी म्हटलं, पुस्तक ऑगस्टमध्ये संपायचं आहे.

ग्रंथालयात माझ्या जागी तात्पुरती एक मुलगी घेतली आहे. मी तिला घाईबाई म्हणते. वाक्य असं वाचते, जणू खाली रिक्षा थांबली आहे.

२० ऑगस्ट, सकाळ

आज परत स्टुडिओत. नवी साडी. गोळी वेळ बघून घेतली आहे. आज एकतिसावं प्रकरण सबंध वाचणार, उद्यापासून रोज एक. वकीलकाकांना मुद्दाम बोलावलं आहे. समोर बसून ऐकू देत.

२० ऑगस्ट, संध्याकाळ

लाल दिवा लागला. पहिलं पान. काय आवाज. स्वतःचाच ऐकत राहावासा. दुसरं, तिसरं. दीपगृहवाल्याची बायको बोटीची वाट बघते तो प्रसंग. पाचव्या पानावर ‘समुद्र’ हा शब्द नाकात गेला. थांबले, पाणी प्यायले. ठसका. पुन्हा घेतलं, पुन्हा गेला. बोट काही किनाऱ्याला लागेना. रेकॉर्डिंगवाला काचेपलीकडे वायर तपासायला लागला. वायर ठीक होती, हे त्यालाही माहीत होतं.

वकीलकाका कोपऱ्यात. त्यांना ना साडी दिसत होती ना पापणी. दोन डॉक्टरांना फसवलं, त्या माणसाला फसवायला माझ्याकडे बर्फ नव्हता. म्हणाले, "बाई, पहिली पाच पानं तुमची. पुढची त्या आजाराची. मला तुमची पाच पुरतात हो. पुस्तकाला नाही पुरत."

मी म्हटलं, खुर्ची बदलून बघू. ते म्हणाले, बघू. आणि खरंच खुर्ची बदलेपर्यंत थांबले.

३० ऑगस्ट

ग्रंथपालबाई घरी आल्या होत्या. फार गोड बोलल्या, म्हणजे निर्णय आधीच झाला होता. पुस्तक घाईबाई संपवणार. मी रोज सकाळी गोळीनंतर पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि प्रकरणाचा आकडा वाचायचा. सगळ्याच पुस्तकांचा. त्या म्हणाल्या, सुरुवात तुमच्याच आवाजात हवी असं वकीलकाकांनी लिहून दिलंय.

थोडा विचार करायला वेळ मागितला. त्या जिना उतरायच्या आत हो म्हणून कळवलं.

आता वाटणी लिहून ठेवते. उद्या धाकटी ग्रंथालयात जाईल, तिला तोंडी सांगायला गेले तर अर्ध्यात अडकेन.

कादंबरीची माझी प्रत घाईबाईला. समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत, श्वास कुठे घ्यायचा त्याच्या. तिने बेचाळिसाव्या प्रकरणात तरी त्या पाळाव्यात. तिथे म्हातारा दिवा विझवतो. तिथे घाई नको.

दोन जुने चष्मे चष्मेवाल्याला परत, आणि त्याची माफी. नंबर बरोबरच होता.

खालच्या शिंपीकाकांना काही द्यायचं नाही. फक्त पापणीचं सांगून टाकायचं. हळू सांगायचं. परवा त्यांनी केसांना कलप लावला होता.

थर्मास धाकटीला. चहालाच.

धाकटीकडे आणखी एक काम. दुपारी मी डोळे मिटून पडते तेव्हा मला वाचून दाखवायचं. ती शब्द खाते, पूर्णविरामाला थांबत नाही, मध्येच विचारते, ताई, झोपलीस का. झोप लागली तरी वाचत राहायचं. मी वाचलं होतं.

लाल उशी घाईबाईला. उसनी आहे, असं सांगायचं. परत मागणार नाही, हे सांगायचं नाही.