मामांच्या नावाची माशी

तीर्थस्वरूप मामा,

वाकून नमस्कार. (सूक्ष्मदर्शकावर वाकलेलीच होते, त्याच वाकण्यात उरकते.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामीचा राग काय म्हणतो? इकडे मी ठणठणीत आहे, अब्रू तेवढी अंथरुणाला खिळली आहे.

तुमच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर पांढरी माशी सापडली तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. (जास्वंद मामीची आणि माशा तुमच्या, ही वाटणी तुम्हीच केलीत.) या माशीची जात तिच्या तोंडाकडे बघून कळत नाही; सगळ्या सारख्याच, पिठात लोळल्यासारख्या. ओळख पटते ती पानाच्या पाठीला चिकटलेल्या रिकाम्या कोषावरून. तो मी औषधात उकळला, धुतला, रंगवला, काचेवर बसवला आणि पाहते तर काय, पाठ गुळगुळीत! पुस्तकातल्या जातीच्या पाठीवर चांगले लांब केस. झालं. नवी जात, आणि तिला तुमचं नाव, अशी मी दवंडी पिटली. तुम्ही त्यावर कडी केलीत. जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगितलंत, न्हाव्याने तर म्हणे अर्धी दाढी तशीच ठेवून तुमचा हात हातात घेतला. मामीनेसुद्धा फवारणीचा पंप माळ्यावर टाकला, नवऱ्याच्या नावावर औषध कसं मारायचं म्हणून.

मग मला दुर्बुद्धी सुचली (आमच्या धंद्यात तिला पडताळणी म्हणतात). तुमच्या थोड्या माशा मी वांग्याच्या रोपावर सोडल्या. वांग्याचं पान लवदार. मामा, त्यांची पोरं वाढली ती पाठीवर केस घेऊनच! लवदार पानावर वाढली की केस येतात, गुळगुळीत पानावर येत नाहीत. जात तीच, जुनी, गल्लोगल्ली सापडणारी, आणि तिचं बारसं कधीच उरकलेलं. खरं तर मला रडू यायला हवं होतं, पण मी प्रयोगशाळेत नाचले. इतकी सुंदर गंमत मी आजवर पाहिली नव्हती. वाईट वाटतं ते फक्त तुमच्यासाठी.

तुमची,
तोंडघशी पडलेली भाची

ता. क. खरं काम असं, की यातलं मामीला काही कळू देऊ नका. तुमचं नाव गेलं म्हटल्यावर पंप खाली येणार, आणि मला तर वांग्यावरची पोरं पुन्हा जास्वंदीवर सोडून पाहायची आहेत. त्यासाठी झाड जिवंत हवं.

आणखी ता. क. पाकीट चिकटवण्याआधी तुम्हाला फोन केला, तो मामीने उचलला आणि मी सगळं बोलून बसले. आधी ती पोटभर हसली. मग म्हणाली, "झाडाला मी हात लावत नाही, तू खुशाल ये. पण एवढं शिकून तुला हे कळलं नाही होय? माहेरी मी वेगळी होते, इथे येऊन वेगळी झाले, म्हणून काय तुझ्या मामांनी दोन बायका केल्या?"