हर्नानीचा कप्पा

सोमवार, २ सप्टेंबर

आजही आला! दारावर पाटी आहे, मोठ्या अक्षरांत – ‘साडेनऊपर्यंत आत येऊ नये’. हर्नानी ती पाटी वाचतो. वाचताना मला काचेतून दिसतो. आणि मग दार ढकलून आत येतो.

“काय करतेयस?”

काम करतेय, म्हटलं. दुसरं काय करणार?

“नाही, सहज विचारलं,” म्हणाला. खिडकीपाशी उभा राहिला, बोटाने गजावरची धूळ काढली, गेला. तोवर माझ्या डोक्यातलं सगळं गेलेलं. आंब्याच्या सारणात साखर कितपत कमी करता येईल आणि तरीही ते दहा दिवस टिकेल, एवढं एकच कोडं सोडवत होते. मनिलाच्या दुकानदाराला महिनाअखेर नमुने हवेत. तो कुणासाठी थांबणार नाही.

मंगळवार, ३ सप्टेंबर

दिवसाचे कप्पे पाडायची कल्पना माझी नाही. व्यापारी संघाच्या शिबिरात सेबूहून एक बाई आली होती. म्हणाली, “मालकिणीचा वेळ म्हणजे चावडी नव्हे. एका कप्प्यात एकच काम. बाकीचे दाराबाहेर.” सगळ्या बायका माना डोलावत होत्या. घरी येऊन केलं मात्र मी एकटीनेच.

इतकी वर्षं पियायाचा, सारण भरलेल्या गोड चपट्या पोळ्यांचा, हा कारखाना चालवतेय, पण सलग तासभर विचार करायला मिळाला नव्हता. कुणाला उचल हवी, कुणाला बारशाला धर्ममाता हवी, मैदेवाला येऊन तास तास बसतो. आता सकाळ माझी. नवा माल, हिशेब, पुढचा विचार. मग मैदेवाला आणि बाकीचे पुरवठादार. दुपारी भट्टीवरच्या मुली, तवे, पॅकिंग. संध्याकाळी सात ते आठ हर्नानी.

हो, नवऱ्यालाही कप्पा दिलाय. त्यात काय चुकलं? फोन बंद ठेवते, समोर बसते. किती बायका तेवढं करतात?

शुक्रवार, ६ सप्टेंबर

जेवताना टोमणा. “मैदेवाल्याला किती वेळ दिलायस?”

“एक तास.”

“मलाही एकच. पण त्याला सकाळी, ताजी असताना. त्याचा वट जास्त दिसतो.”

माझा घास तोंडातच राहिला. हे हा बोलतोय! लग्न झाल्यापासून मी याच्या जहाजाच्या घड्याळावर जगले. याची इंजिनरूममधली पाळी संपली की याचा फोन. मग इथे गिऱ्हाईक बसलेलं असो, प्रार्थना चालू असो, मला ताप असो. मी एकदा तरी म्हटलं का, की आत्ता नको? दोन महिने सुट्टीवर आला की त्या दोन महिन्यांपुरतं घर, जेवण, झोप सगळं त्याच्या सोयीने. आणि पहिल्यांदाच मी सकाळचे तीन तास स्वतःकडे ठेवले, तर मी गुन्हेगार.

हे सगळं गिळून मी ताट उचललं. आठ वाजले होते.

बुधवार, ११ सप्टेंबर

आता भट्टीत जाऊन बसतो. नांग पुरिंगकडून लाटायला शिकतोय म्हणे! पुरिंग वयाने मोठी, म्हणून नांग, ताई; पहिल्या दिवसापासूनची, तिला मी काही बोलू शकत नाही. मुली फिदीफिदी हसतात. याची पियाया एका बाजूने जाड, सारण बाहेर.

पुरिंगला विचारलं, “हे काय चाललंय?”

“साहेबांना शिकायचंय.”

“कशाला? ऑक्टोबरात तर जहाजावर जातोय.”

तिने माझ्याकडे बघितलं आणि पीठ मळायला लागली. तिलाही माझा राग आलाय वाटतं. येऊ दे.

रविवार, १५ सप्टेंबर

चर्चहून येताना नणंद भेटली. मार्लिन. सगळ्यांदेखत म्हणाली, “वहिनी, तुला भेटायचं तर आधी नाव नोंदवावं लागतं म्हणे?” तिच्या मैत्रिणी हसल्या. मीही हसले. दात दुखेपर्यंत हसले.

हिचा नवरा दुकानात बसतो तेव्हा ही पोरांना सांगते, बाबांना त्रास देऊ नका. तेव्हा कुणी हसत नाही. पुरुषाच्या कामाला आपोआप दार असतं. आपल्याला पाटी लावावी लागते, आणि वर पाटीचीही चेष्टा.

पण आंब्याचं जमलं! या आठवड्यात साखरेचं प्रमाण सापडलं. ते फक्त त्या बंद दारामुळे. हे मी कुणाला सांगितलं नाही. लिहून ठेवते.

गुरुवार, १९ सप्टेंबर



इलोइलोला जाणाऱ्या बोटीने मोठी ऑर्डर जायची होती, शिवाय मनिलाचे नमुने. सकाळी मी आत, दार बंद. बाहेर आले तर लाटण्याचं मशीन फरशीवर सुटं पडलेलं. रोलर एकीकडे, दातेरी चाकं एकीकडे, मधे हर्नानी, कोपरापर्यंत काळा.

“आवाज येत होता त्यातून,” म्हणाला. “बेअरिंग जाणार होतं. आत्ता जोडतो.”

आत्ता म्हणजे संध्याकाळ. मुलींनी हाताने लाटायला घेतलं, पण हाताने किती होणार? बोट निघून गेली. इलोइलोवाल्याने दुसरीकडून माल घेतला आणि तसं फोनवर स्पष्ट सांगितलं.

मी सगळ्यांसमोर बोलले. थांबवू शकले नाही. “तुझी सुट्टी आहे, माझी नाही! हे तुझं जहाज नाही. तुझ्या जहाजावर जा लवकर, आणि आम्हाला काम करू दे.”

त्याने हात पुसले. सगळी बोटं एकेक करून पुसली. पुरिंग म्हणाली, “मॅम, पुरे.” मला! माझ्या कारखान्यात!

तो शर्ट बदलून बाहेर पडला. रात्री मार्लिनकडे राहतोय असा निरोप आला. राहू दे.

मशीन आता चालतंय. आवाज येत नाही.

शुक्रवार, २० सप्टेंबर

सकाळी मार्लिन आली. पाटीकडे पाहिलंही नाही. मी म्हटलं, “साडेनऊनंतर.” ती खुर्ची ओढून बसली.

“वहिनी, दादा जहाजावर जाणार नाहीये.”

“रुसलाय म्हणून?”

“ऑगस्टमध्ये मनिलाला गेला होता ना, तपासणीला? नापास झाला. हृदयाचे ठोके नीट पडत नाहीत. डॉक्टरने अनफिट म्हणून लिहून दिलंय. आता कुठलीच कंपनी घेणार नाही.”

मी कितीतरी वेळ तिच्या बांगड्यांकडे बघत बसले. मग विचारलं, “तुला कधी सांगितलं?”

“आल्यावर. लगेच.”

“अजून कुणाला माहितीय?”

तिने भट्टीकडे बघितलं. मी उठून भट्टीत गेले आणि पुरिंगसमोर उभी राहिले. तिने पिठातून हात न काढता म्हटलं, “आम्हाला शपथ घातली होती, मॅम.”

आम्हाला. म्हणजे मुलींनाही! तव्यावरच्या पोरीला माझ्या नवऱ्याचं हृदय माहीत, आणि मला नाही. मी त्याच्यासाठी ऑक्टोबरात जहाजावर न्यायचे मोजे आणून ठेवलेत.

चिडावं कुणावर हेच कळेना. सगळ्यांवर चिडले. मग घरी येऊन ते मोजे कपाटात मागे ढकलले आणि बसून राहिले. त्याला चालताना धाप लागते का? जिना चढताना थांबतो का? मला आठवेना. नवरा घरात आहे आणि मला आठवेना!

शनिवार, २१ सप्टेंबर

मार्लिनकडे गेले. तो मागच्या अंगणात केळीची सुकलेली पानं तोडत होता. मला बघून कोयता खाली ठेवला.

मी मवाळ व्हायचं ठरवून गेले होते. जमलं नाही.

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगायला येत होतो.”

“कधी?”

“सकाळी.”

“संध्याकाळी रोज समोरासमोर बसत होतो आपण! फोन बंद ठेवून! तेव्हा तोंड कुणी धरलं होतं?”

त्याने पायाने सुकलेली पानं बाजूला सारली. मग म्हणाला, “इंदाय, सकाळी उठल्यावर हिंमत असायची. संध्याकाळपर्यंत संपायची. आणि तू इतकी दमलेली असायचीस की वाटायचं, उद्या सांगू.”

“आणि मशीन?”

“ते खरंच बिघडणार होतं. पण खोटं नाही बोलत, मला काहीतरी उघडून बसायचं होतं. आयुष्यभर इंजिन उघडलं मी. दुसरं येतं काय मला?”

मी म्हटलं, मी पाटी काढणार नाही. मला वाटलं होतं, काढते म्हणेन. तोंडातून निघालं हे. तो म्हणाला, “काढ असं मी कुठे म्हटलं?” मग मला रडू आलं, आणि रडता रडताही राग येत होता, की हा माणूस एवढं मोठं ओझं घेऊन माझ्या घरात पाहुण्यासारखा फिरला आणि मी त्याला तास मोजून दिला, आणि त्यानेही तो गुपचूप घेतला.

मार्लिनने भात वाढला. तिघांनी खाल्लं. मग घरी आलो. चढावर तो दोनदा थांबला. मीही थांबले.

सोमवार, २३ सप्टेंबर

हर्नानीने जहाजाच्या एजन्सीला फोन करून यादीतून नाव काढायला सांगितलं. फोन ठेवला. मग माझ्याकडे वळून, गिऱ्हाईकाशी बोलावं तसं नीट विचारलं, “मला कामावर ठेवशील?”

मी म्हटलं, “सकाळी साडेसहाला ये. पुरिंगच्या हाताखाली. सगळ्यांसारखं.”