पाठमोऱ्या माणसाला दोन गुण

मी, खाली सही करणार, वय चौऱ्याहत्तर, धंद्याने चष्मेवाला, हे मृत्युपत्र राजीखुशीने व कोणाच्याही दबावाविना लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. बायकोने अजून दिलेला नाही.

१. राहते घर माझ्यामागे पत्नीचे, तिच्यानंतर मुलीचे. यात वाद नको.

२. काच घासण्याचे यंत्र व दुकानातली सर्व हत्यारे जावयास. हात सावकाश आहे, पण काच फोडत नाही.

३. छायाचित्र मंडळाच्या हौशी स्पर्धेचा मी एकवीस वर्षे परीक्षक होतो. माझ्या गुणांच्या वह्या मंडळाला द्याव्यात, म्हणजे नव्या परीक्षकांचे पाय जमिनीवर राहतील. एका वर्षी माझी दाढ ठणकत होती. पहिल्या चाळीस चित्रांत कोणालाच मी चाराच्या वर गुण दिले नाहीत. मग गोळी लागू पडली आणि एक्केचाळिसावे चित्र पहिले आले. ते मांजराचे होते, आणि मांजरही हललेले होते.

४. अडतिसावे चित्र समोरच्या शिंप्याचे होते. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही आणि माझ्या पँटी दोन बोटे आखूड शिवतो. त्याचे चित्र खरोखर चांगले होते. माझा तिपाई स्टँड त्याला द्यावा व मी चुकलो असे सांगावे.

५. आता मुख्य गोष्ट. या यादीसाठी शनिवारी कपाट उपसताना पत्नीच्या साड्यांखाली एक चित्र सापडले. मागे स्पर्धेचा क्रमांक, आणि माझ्याच अक्षरात शेरा : "पाठमोरा माणूस. चेहरा नाही, भाव नाही. विषय कंटाळवाणा. दोन गुण." स्पर्धेत नावे झाकलेली असत. चित्र उलटून पाहिले तर दुकानातल्या दिव्याखाली काच घासत बसलेला मीच. बावीस वर्षांपूर्वी हिने गुपचूप पाठवलेले. त्यानंतर हिने कधी कॅमेरा मागितला नाही, आणि मी लोकांना सांगत फिरलो की हिची हौस फिटली.

दोन दिवस मला जेवण गेले नाही. काल धीर करून चित्र पुढे ठेवले.

"मला वाटलं, तुम्ही ओळखलंत आणि तरी दिलेत दोन," ती म्हणाली.

"अगं, शप्पथ, ओळखलंच नाही. स्वतःची पाठ कोणी पाहिलीय का?"

ती पदर तोंडाला लावून हसली, मग डोळे पुसले. छातीवरचा धोंडा उतरला. मी म्हटले, गुण बदलून दहा करतो.

"राहू द्या. कंटाळवाणा विषय हे काही खोटं नाही."

६. ~~माझा कॅमेरा माझ्या मृत्यूनंतर पत्नीस मिळावा.~~ हे कलम मी स्वतः खोडले आहे. तिचे म्हणणे, "तुम्ही मरायची वाट कोण बघणार? आत्ताच द्या." दिला.

हा मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. साक्षीदारांसमक्ष सही करत आहे. पत्नी मागे उभी राहून "मान वर करू नका, असंच बसा" म्हणते आहे, त्यामुळे सही थोडी वाकडी आली तरी ती माझीच समजावी.

सही : चष्मेवाला

साक्षीदार १ : खालच्या मजल्यावरचे औषधविक्रेते (सही)
साक्षीदार २ : मंडळाचे ग्रंथपाल (सही)

स्थळ : दुकान, खिडकीजवळचे टेबल. उजेड कुठला घ्यायचा ते पत्नीने ठरवले.
दिनांक : अकरा, मंगळवार, सकाळी