चार काठ्या, एक छत्री

शनिवार, ११ जानेवारी. संध्याकाळी सात.

वन्सं, वर तारीख घाला. कसं लिहायचं ते तुम्ही बघा, काय लिहायचं ते मी बघते. ही वही कुणी वाचायची नाही. मला तर वाचताच येत नाही, त्यामुळे माझ्याकडून गुपित फुटायची भीती नाही.

आज लेकीने बसवलेल्या नाटकाचा पहिला शो. नट चार, पात्रं सव्वीस. धुक्यातला बंगला, जिन्यावर प्रेत, खुनी शोधायला आलेला डिटेक्टिव्ह. जुन्या रहस्यकथांची टिंगल आहे सगळी. टोपी बदलली की माणूस बदलतो. चार खुर्च्या ओळीने मांडल्या की आगगाडी, एकीवर एक चढवल्या की जिना. धुकं हवं असेल तेव्हा लंबू चादर झटकतो. लंबू म्हणजे त्यातला सगळ्यात उंच नट. बायका सगळ्या तोच करतो आणि प्रेतही तोच. प्रेताला शिंक येते तिथे तालमीत मी इतकी हसले की ठसका लागला.

आज कुणी हसलं नाही. खुर्च्या साठ, माणसं बावीस. एक चष्मेवाला बायकोला विचारत होता, बाकीचे नट कधी येणार. एक बाई प्रेत पडल्यावर खरोखरच घाबरली आणि पर्स छातीशी धरून बसली. एक गृहस्थ सगळा वेळ दगड. बाहेर आले, स्कूटरला किल्ली लावली आणि एकदम हसत सुटले. एकटेच. तिथे हसून आम्हाला काय उपयोग?

थिएटरच्या मॅनेजरने पाच शनिवार दिलेत, दुपारी चारचे. लोकांना आवडलं तर मार्चपासून मोठा हॉल. नाही तर गाशा गुंडाळायचा. लेकीने याच्यासाठी ऑफिसची नोकरी सोडली. नखं खाते. परीक्षेच्या आधी खायची तशी.

तेव्हा आजपासून प्रेक्षक माझ्याकडे.

रविवार, १२ जानेवारी. चहानंतर.

निश्चय. पहिल्या रांगेत बसायचं आणि सगळ्यांच्या आधी हसायचं. लोक लाजतात हो. हातपंपात आधी वरून तांब्याभर पाणी ओतावं लागतं, मग तो आपलं पाणी देतो. तो तांब्या मी.

वन्सं म्हणतात, लोकांना स्वतःहून हसू द्या. वन्सं म्हणजे माझी नणंद. चौतीस वर्षं शाळेत मुलांना गप्प बसवण्यात गेली. हसवण्यातलं त्यांना काय कळणार? हे लिहू नका म्हटलं तर पेन आणखी जोरात चाललंय.

शनिवार, १८ जानेवारी. सात वाजता.

माणसं तीस. काम केलं, पण माणसं अवघड.

शिंकेच्या आधीच हसले. लोकांना तयारीला वेळ मिळावा म्हणून. सगळं थिएटर जागं झालं, एकूण एक मान माझ्याकडे वळली. तेवढ्यात लंबू शिंकून मोकळा. पुन्हा शिंकायला काय झालं होतं त्याला?

शेजारी एक जोडपं होतं. खुनी कोण या काळजीत पोराने हसायचं सोडून दिलेलं. मी हळूच सांगितलं, माळी आहे, आता निश्चिंत मनाने हसा. हसला नाही. बायकोकडे बघून नुसता मान हलवत बसला. उपकाराची जाण म्हणून राहिलेली नाही.

मॅनेजरने दाराशी टेबलावर अभिप्रायाची वही ठेवलीय, पेन दोरीने बांधलेलं. वही वाचूनच तो मोठ्या हॉलचं ठरवणार. मी टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसले. लिहिताना लोक माझ्याकडे बघत होते आणि आणखी लिहीत होते. माणूस समोर असला की असं होतं. हुरूप येतो.

शनिवार, २५ जानेवारी. पावणेआठ.

वाचता येत नाही म्हणून वही कळत नाही असं नाही. एका ओळीत उरकतो तो कंजूष. पान भरतो त्याला नाटक आवडलं. पेन दाबून लिहितो त्याला फार आवडलं.

आणि एक शोध लागला. एक शब्द सारखा येतोय. आधी फुगलेलं पोट, मग चार उभ्या काठ्या, शेवटच्या दोघींवर छत्री. पहिल्या पानावर नाही, पण गेल्या शनिवारपासून बघावं तिथे. आज मोजला, सात ठिकाणी. काहींनी तर कौतुकाने छत्रीवर टिकलीसुद्धा लावलीय. चार काठ्या म्हणजे आमचे चौघे नट. शब्द ‘वाहवा’ असणार. दुसरं काय असणार?

सगळ्यात मोठ्ठा अभिप्राय पानभर होता, दाबून लिहिलेला. आज तो लिहिणाऱ्या गृहस्थांचं नाक लाल झालं होतं. भारावले होते बिचारे. सगळे गेल्यावर ते पान अलगद सोडवलं आणि लंबूच्या झग्याची टाचणी घेऊन बाहेर तिकिटाच्या खिडकीशेजारी लावून दिलं. नाटकाची जाहिरात अशी करतात. यांना कुणी सांगायचं?

रविवार, २६ जानेवारी. दुपारी.

लेक आली होती. म्हणाली, आई, गुडघे दुखतात ना तुझे, एखाद्या शनिवारी आराम कर. मी म्हटलं, गुडघे गेले खड्ड्यात. मग म्हणाली, निदान शेवटच्या रांगेत बस. लगेच हो म्हटलं. मागून सगळे दिसतात. पहिल्या रांगेतून मी फक्त स्टेज बघत होते. एवढे दिवस वाया.

शनिवार, १ फेब्रुवारी. साडेसात.

वैताग. नुसता वैताग.

सुरुवात काय झकास झाली होती. माणसं बेचाळीस. खिडकीपाशी मी लावलेल्या पानाभोवती गर्दी. वाचत होते, माझ्याकडे बघत होते, हसत होते. नाटक सुरू व्हायच्या आधी हसू! मग लेक आली आणि तिने पान ओढून काढलं, टाचणीसकट. टाचणी बोटात गेली तिच्या. तरी मला रागावली नाही. नखं खाल्ली.

आत शेवटच्या रांगेतून आवाज पोचायला जोर लावावा लागतो. लावला. डिटेक्टिव्ह टॉर्च घेऊन भलत्याच दाराकडे चालला, तर सांगितलं त्याला, अरे माळी कपाटात आहे. तो गडबडला, डोक्यावर पोस्टमनची टोपी घातली आणि पुढची दहा मिनिटं खुनाचा तपास पोस्टमननेच केला. यावर लोक पोट धरून हसले. कुणामुळे, ते कुणी म्हणालं नाही.

चार काठ्यांचा शब्द आता एकूण अकरा ठिकाणी.

रविवार, २ फेब्रुवारी. सकाळ.

वन्सं, आधी तो शब्द लिहा, मग पुढे जाऊ. ‘वाहवा’ तुमच्या अक्षरात बघायचा आहे मला.

त्यांनी लिहिला. हा नाही. छत्री कुठे आहे?

मग बोट पाण्यात बुडवून टेबलावर काढून दाखवला. पोट, काठ्या चार, छत्री. वन्संचं पेन थांबलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“वहिनी, हे ‘आजी’ आहे.”

मी म्हटलं, नीट बघा, ओलं आहे, पसरलं असेल. म्हणाल्या, पसरलं तरी आजीच आहे.

तोच दिवस. दुपार.

लेक वही घेऊन आली. वन्संनी अकराच्या अकरा मोठ्याने वाचले. शिक्षिकेचा आवाज, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. घरात बाक नाहीत, शेजाऱ्यांकडे गेला असणार.

‘नाटक उत्तम. आजींना घरी ठेवा.’ ‘चौघांची कमाल, पण आजींपुढे ऐकू काही आलं नाही.’ ‘आजी नाटकातल्या आहेत का? असल्यास भूमिका कमी करावी.’ असलं सगळं. टिकलीवाल्यांनी ‘आजींना’ लिहिलं होतं. टिकली कौतुकाची नव्हती.

आणि मी बाहेर लावलेलं पान. त्या गृहस्थांना मी पहिल्या दहा मिनिटांत खुनी सांगितला, हे त्यांनी पानभर लिहिलं होतं. माळ्याचं नाव तीन वेळा. म्हणजे बेचाळीस माणसांना तिकीट काढायच्या आधीच खुनी कळला.

मी म्हटलं, एवढं करून आले ना बेचाळीस? लेक हसली नाही. म्हणाली, मॅनेजरला नाटक आवडलंय, मोठा हॉल देतोय. पण वहीत माझ्याबद्दल आणखी एक जरी तक्रार आली, तर मोठ्या हॉलच्या दारातून मला आत सोडणार नाही. तिने किती विनवलं त्याला, ते सांगितलं नाही. डोळ्यांवरून कळलं.

“आई, लोक नाटक बघायला येतात. तू त्यांना बघायला येतेस.”

काय चुकलं त्यात? कुणीतरी बघायला नको?

निश्चय. पुढच्या शनिवारी तोंडातून अवाक्षर नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी.

वन्संकडून एक शब्द शिकतेय. सांगणार नाही कुठला. काठ्या सरळ येत नाहीत. वन्सं म्हणतात, वहिनी, पेन धरा, लाटणं नव्हे. चौतीस वर्षांत किती पोरांना रडवलं असेल यांनी.

शनिवार, ८ फेब्रुवारी. सात.

तोंडात खोकल्याची गोळी ठेवून बसले. एक संपली की दुसरी. सहा गोळ्या झाल्या.

माणसं अठ्ठावन्न. आगगाडीला हसली. चादरीच्या धुक्याला हसली. शिंकेला तर असा हशा उठला की लंबूला मेल्यावरही तोंड लपवावं लागलं. स्कूटरवाले गृहस्थ पुन्हा आले होते, यावेळी आत हसले. पर्सवाली बाई तर हसून हसून रडली.

माझ्याशिवाय.

बरगड्या दुखतायत माझ्या, न हसून. पंपाला स्वतःचं पाणी होतं, असं वन्सं म्हणाल्या. मी म्हटलं, तीन शनिवार ओतलेलंच वर आलं ते. पण लेक शेवटी वाकून नमस्कार करत होती तेव्हा हाताकडे बघितलं. नखं वाढलीयत थोडी. तेव्हा मग मीही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या नंतर, हळू.

सगळे निघून गेल्यावर वहीपाशी गेले. कुणी नव्हतं. दोरीचं पेन उचललं. नाटक छान, लेकीने नाव काढलं, असं पुष्कळ लिहायचं होतं, पण येतो एकच शब्द. तोच लिहिला, सहीसारखा. पोट. काठी, काठी, काठी, काठी. छत्री. आयुष्यात पहिल्यांदा कागदावर काही लिहिलं. लेकीला सकाळी कळेल, चकित होईल.

रविवार, ९ फेब्रुवारी. साडेदहा.

लेकीचा फोन आला. मोठा हॉल पक्का, सही झाली. मग म्हणाली, आई, एक तक्रार आलीच.

मॅनेजरने स्वतः दाखवली तिला. म्हणे, या माणसाचा हात रागाने इतका थरथरत होता की एका शब्दात अर्धं पान गेलं आणि पुढे लिहवलंच नाही. इतका संताप त्याने कुठल्या वहीत बघितला नव्हता. नियम म्हणजे नियम.

मी सांगितलं, अगं ते मी लिहिलंय.

“आई, सीटसाठी इतकं खोटं नको बोलूस. तुला लिहिता येतं का?”

फोन वन्संकडे दिला. त्यांनी चक्क शपथ घेतली. लेक म्हणाली, आत्या, तुम्हीपण?

झालं. मार्चपासून शनिवारी मी घरी. वन्सं म्हणतात, शेवटची वेलांटी जरा कमी ताणायला हवी होती. ताणलेली असू दे. मॅनेजरने एका नजरेत वाचलं की नाही? तेवढं मात्र ठळक लिहा.