दरडीवर उभं राहायचं काम

औरंगाबाद, एस.टी. स्टँड
सोमवार

प्रिय आक्का,

हे पत्र दाजींकडून वाचून घेऊ नको. माझं अक्षर कसंही असलं तरी एकटीनं वाच. सातवीनंतर कागदाला हात लावलेला नाही, काना-मात्रा सांभाळून घे. बाबांनी मला तुला न्यायला धाडलंय. निरोप असा, की त्यांनी तुला माफ केलंय. धरणाचं पाणी चढायच्या आत, गाव उठायच्या आत, एकदा माहेरी येऊन जा. नऊ वर्षं आपल्या घरात तुझं नाव कुणी काढलं नाही आणि आता एकदम माफी. मी पिशवी उचलली आणि निघालो. सरळ सिल्लोडला यायला पाहिजे होतं, पण सरळ रस्ता मला कधी सोसलाच नाही. फाट्यावर गाडीची वाट बघता बघता पाय नदीकडं वळले, आणि मी दरडीवर गेलो.

दरड तशीच आहे. म्हणजे तशी नाही, नदीनं खाऊन चांगली दहा पावलं आत सरकलीय. माथ्यावर दोन पुरुष उंचीची काळी माती, तिच्याखाली पिवळी, मग विटेसारखी तांबडी, मग राखेच्या रंगाचा हातभर पट्टा, आणि तळाला पाण्यालगत आपली भिंती सारवायची पांढरी. पावसानं उभ्या घळी पाडल्यात. लांबून वाटावं, कुणी ओली लुगडी पिळून उभी टांगलीत. पिवळ्या थरात वेड्या राघूंची बिळं आहेत. मी बसून ती मोजत होतो, पन्नासाच्या पुढं गेलो आणि एक राघू आडवा उडाला, सगळी मोजणी गेली. खाली इब्राहीमचाचा नाव बांधत होता. म्हणाला, “आ गया भटक्या? अबकी किधर का पानी पीके आया?” मी जालन्याची जिनिंग, मनमाडचं यार्ड, मग सर्कशीत उंट सांभाळला ते सगळं सांगितलं. म्हातारा म्हणतो, “उंट ने तेरे को रख लिया, ये बडी बात है.”

मी घळीतून खाली उतरायला लागलो तसा तो धापा टाकत माथ्यावर चढला. “तू उतर, मैं उप्पर खडा हूं.” सत्तरीचा माणूस. मी पांढरीपर्यंत पोचून परत वर येईस्तोवर उन्हात उभा होता, आणि दर दोन मिनिटांनी हाक देत होता. त्याला नको म्हणायचं मला सुचलं नाही.

आपल्या गावात पांढरी माती कधी कुणी एकटीनं आणली नाही, हे तुला सांगायला नको. एकीनं खाली खणायचं, एकीनं माथ्यावर उभं राहायचं. काळ्या मातीला भेग पडायच्या आधी गवत दुभंगतं. ते दिसलं की हाक. हाक आली की टोपलं, खुरपं टाकून पाण्याकडं पळायचं. तुझं लग्न होईपर्यंत ते काम तुझं होतं. मी खालून खडे मारायचो, वेडावून दाखवायचो, तू जागची हलायची नाहीस. आई म्हणायची, “द्वारका वर असली की मी पाठीमागं बघतच नाय.” तू सासरी गेलीस आणि ते काम माझ्याकडं आलं. चौदा वर्षांचा होतो, लहान नव्हतो.

दिवाळसणाला दाजी पहिल्यांदा येणार म्हणून तू कार्ड टाकलं होतंस, की आई, भिंती तेवढ्या पांढऱ्या कर. ते कार्ड बाबांनी आईच्या तेराव्याच्या दिवशी सगळ्या गावासमोर वाचलं. “हिच्या हट्टापायी माझं माणूस गेलं,” असं म्हणून तुझ्यापुढं टाकलं. तू कोपऱ्यात भिंतीला धरून उभी होतीस. आत्या म्हणाली, पांढऱ्या पायाची आहे. कुणी तिला गप केलं नाही. मी पंगतीत वाढत होतो, मीही नाही. कारण मी आधीच सगळ्यांना सांगून बसलो होतो, की मी हाक मारली, आईनं ऐकली नाही.

आक्का, मी हाक मारली नाही. मी दरडीवर नव्हतोच. त्या दिवशी धरणाची मोजणी करणारे पलीकडच्या टेकाडावर तिपाई लावून बसले होते. पितळी दुर्बीण, चकचकीत. म्हटलं, एकदा डोळा लावून येऊ, कितीसा वेळ लागतो. आई खाली खणत होती, तिला सांगितलंसुद्धा नाही. तिपाईवाला माणूस चांगला होता, म्हणाला, बघ पोरा. त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. नदी वर, आभाळ खाली. आपली दरड उलटी लोंबत होती, पांढरी वर, काळी खाली. मला हसू आलं. हसत असतानाच ती काळी माती हळूच सुटली आणि वर गेली. खरंच वर गेली, पांढरीवर जाऊन बसली. मला वाटलं, काचेची गंमत आहे. आवाज नंतर आला. आईला बाहेर काढलं ते इब्राहीमचाचानं, हातानं उकरून. मी पोचलो तेव्हा तिची फक्त बांगड्यांची मनगटं दिसत होती.

मागच्या बुधवारी मी बाबांना हे सांगितलं. त्यांच्या छातीत पाणी झालंय, बाजेवरून उठवत नाही. वाटलं, शिव्या देतील, काठी फेकतील. ते म्हणाले, “ठाऊक हाय मला. त्या तिपाईवाल्यानं तवाच सांगितलं व्हतं.” मग म्हणाले, “दोन लेकरं गेल्यावर तू जगला, म्हणून तर कडूबा नाव ठेवलं. तुला बोल लागला असता तर तू या गावात कसा जगला असतास? पोरीचं काय, ती दिल्या घरी गेलेली. लागला बोल तर लागला.” इतकं निवांत बोलले, की जणू बैल कोणता विकायचा ते ठरवलं होतं. आणि वर बजावलं, “तिला यातलं सांगू नको. नुसतं म्हण, बाबानं माफ केलंय.” ज्या पोरासाठी तुला टाकलं, ते पोर नऊ वर्षांत नऊ महिनेही गावात राहिलं नाही, हे त्यांनाही दिसतंय.

आता का लिहितो ते सांगतो. येत्या शनिवारी मारुती नव्या गावठाणात हलवणार आहेत, सगळं गाव पारावर जमेल, बाबांनाही बाजेसकट उचलून आणतील. त्यानंतर निम्मी घरं नव्या गावठाणात, निम्मी दुसऱ्या तालुक्यात. ज्या माणसांसमोर तुझ्यावर बोल आला ती माणसं पुन्हा एका जागी दिसणार नाहीत. मी त्यांच्यासमोर खरं सांगणार आहे, बाबा जिवंत असताना, त्यांच्या तोंडावर. पत्र माझ्याआधी तुझ्या हाती पडावं म्हणून गुरुवारी दुपारच्या गाडीनं तुझ्याकडं येतो. दार उघडलं नाहीस तरी ओट्यावर शुक्रवार सकाळपर्यंत बसेन. बाबांच्या माफीसाठी येऊ नकोस, त्यांना भेटूही नकोस. पण पारावर ये. माणसं जमली, कुणी हलगी वाजवली, कुणी हाक मारली, की मी कुठं निघून जाईन याचा मला भरवसा नाही. तू समोर उभी असलीस तर मी जाणार नाही.

अजून तरी तुझाच,
कडूबा