तीनदा विचारायचं

सोमवार, २२ सप्टेंबर

आज घट बसले आणि मीही कामाला लागले. चाकणला तळेगाव चौकाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूममध्ये सेल्सगर्ल! काचेचं दार, आत गारेगार एसी, भिंतभर टीव्ही आणि मला निळा टी-शर्ट, छातीवर नाव – वर्षाली. समाधान म्हणाला, झालं, आता घरातही तोंड आणि बाहेरही तोंड. माझा नवरा म्हाळुंग्याच्या कंपनीत गाड्यांचे सुटे भाग बनवतो. मशीनच्या आवाजात दिवसभर कोणी कोणाशी बोलत नाही, म्हणून त्याला माझ्या बोलण्याचं कौतुक आणि कटकट दोन्ही. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही, हे आमच्या परभणीकडे शेंबडं पोरही सांगेल.

ही डायरी शोरूमचीच. मॅनेजर निरंजन सरांनी दिली आणि रोज जे शिकाल ते लिहा म्हणाले. सर फार गोड बोलतात, अगदी लहान मुलाला औषध पाजावं तसे. लेकीला, पूर्वीला, शाळेनंतर घरमालकीणबाईंकडे ठेवलंय. टी-शर्ट बघून पोरगी म्हणते, आई, तू क्रिकेट खेळायला चाललीस का? पाचच वर्षांची आहे पण जीभ माझीच घेतलीय.

गुरुवार, २५ सप्टेंबर

टीव्ही विकणं सोपं आहे, कवच विकणं अवघड. कवच म्हणजे वस्तूबरोबर घ्यायची जादा हमी. वरचे थोडे पैसे भरले की तीन वर्षं मोडतोड कंपनीच्या अंगावर. रोज प्रत्येकीनं किमान दहा गिऱ्हाइकांना कवच विचारायचंच. जिची दहा भरली नाहीत तिनं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खुर्चीला टेकायचं नाही, आणि आठवड्याची सुट्टीही गेली. सर हे सगळं हसत हसत सांगतात.

आणि एक अजब पद्धत. गिऱ्हाइकाला तीनदा विचारायचं, कमी नाही, जास्त नाही. तिसऱ्यांदाही नाही आलं की बिलिंगच्या सुमनताई नकाराची वही पुढे करतात. गिऱ्हाइकानं त्यात स्वतःच्या हातानं लिहायचं – नाव, गाव, मोबाईल, वस्तू, कोणासाठी, आणि शेवटी ‘मला कवच नको’. पंधरा दिवसांत मन बदललं तर त्यानंच येऊन खाली ‘हो’ लिहायचं. लाल कापडाची जाडजूड वही आहे, दर लक्ष्मीपूजनाला तिची पूजा होते, इतक्या वर्षांचं कुंकू पुठ्ठ्यात मुरलंय. मी म्हटलं, अहो ताई, कॉम्प्युटरच्या जमान्यात हे कसलं बाड? सुमनताई बारा वर्षं त्या काउंटरवर आहेत. त्या हसल्या नाहीत.

आज दत्तोबा म्हणून एक म्हातारबाबा आले होते. मार्केटला कांदा घालून थेट इकडे, धोतरावर अजून टरफलं. सुनेसाठी वॉशिंग मशीन घेतलं, पोरीचे हात पाण्यात राहून राहून उकललेत म्हणाले. मी तीनदा विचारलं. म्हणे, मशीन गेलं तर गेलं बाय, माणूस शाबूत हाय न्हवं! वहीत सावकाश एकेक अक्षर काढत लिहिलं – सुनेसाठी. फार गोड वाटलं मला. कवच गेलं ते गेलंच.

सोमवार, ६ ऑक्टोबर

दसऱ्याच्या गर्दीनंतर आज शोरूममध्ये कुत्रं फिरकलं नाही. संध्याकाळपर्यंत माझी नऊच गिऱ्हाइकं विचारून झाली. दहा नाही भरली तर उद्या उभं राहा. मग सगळ्या जणी करतात तेच केलं, एक खोटं गिऱ्हाईक वहीत घातलं. एरवी सगळ्या जणी ‘कोणासाठी’च्या रकान्यात नुसती रेघ मारतात. आळशी मेल्या! करायचं तर नीट करावं. मी डाव्या हातात पेन धरलं आणि म्हातारीसारखं वाकडंतिकडं लिहिलं: सोजराबाई, तळवडे. मोबाईल माझाच, शेवटचा आकडा बदलून. वस्तू – मिक्सर. कोणासाठी – नात, पूर्वी. चटकन दुसरं नावच आठवेना.

वर बाकीच्यांना सोजराबाई करूनही दाखवली. कमरेत वाकले, पदर तोंडाला लावला आणि म्हटलं, नगं बया, नगं. सगळ्या जणी पोट धरून हसल्या. सुमनताई वही आवरायला आल्या, ती ओळ वाचली आणि काय केलंस गं हे, एवढंच म्हणाल्या. पूर्वी माझी मुलगी हे त्यांना ठाऊक आहे. बाईंना कशाचंच हसू येत नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर

दत्तोबा आले होते. एकदम खंगलेत. त्यांना वाटलं मी ओळखणार नाही, म्हणून स्वतःच सांगायला लागले, मी तो कांदेवाला, सुनेसाठी मशीन नेलेला.

सून काल गेली. चोवीस वर्षांची. कपडे वाळत घालत होती, हात वर दोरीवर, आणि तशीच थांबली. हाक मारली तर ओ नाही. दवाखान्यात काही सापडलं नाही, ना हार्ट, ना बीपी. त्याआधी आठ दिवस अधूनमधून अशीच मधेच थांबायची, घास हातात धरून, दारात पाय ठेवून. घरच्यांना वाटलं माहेरची आठवण येते.

मशीन कसं आहे असं मी विचारलं. जीभ झडो माझी, पण सवयीनं तोंडातून गेलं. म्हातारा म्हणाला, झ्याक चालतंय. मग कवच घ्यायचंय म्हणाला, काय लागंल ते देतो. सर बाहेर आले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पंधरा दिवस झाल्याचं सांगितलं.

रविवार, १२ ऑक्टोबर

वस्तू कशी चालते हे विचारायला जुन्या गिऱ्हाइकांना फोन करायचं काम मी मागून घेतलं. नकाराच्या वहीतली ऑगस्टची चौदा नावं. मिक्सर, फ्रिज, टीव्ही, गीझर, एकही बिघडलेलं नाही. ‘कोणासाठी’ लिहिलेली चौदा माणसं, चौदाच्या चौदा गेली. पंधराव्या दिवशी. बसल्या जागी.

रेघ मारलेल्या ओळींचं काहीच नाही. तिथे कोणी नव्हतंच.

सुमनताईंना जिन्यात गाठलं आणि हात धरून विचारलं. म्हणाल्या, बारा वर्षांपूर्वी त्या इथे गिऱ्हाईक म्हणून आल्या होत्या. मुलगा कॉलेजसाठी खोली घेऊन राहणार होता, त्याच्यासाठी मिक्सर घेतला, कवच नको म्हणाल्या. मिक्सर अजून चालतो, म्हणाल्या. नोकरी यासाठीच धरली की लोकांना रेघ मारायला सांगता येईल. पण सर समोर असले की सांगता येत नाही, आणि सर कायम समोर असतात.

मी घरी आले. पूर्वी जेवत होती. वरण-भाताचा घास तोंडाशी नेला आणि – थांबली. मी तीन मोजले. मग खाल्ला.

देवा. माझ्याच हातानं लिहिलं मी. माझ्याच हातानं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सरांचे पाय धरले. ओळ खोटी आहे, खोडा, पान फाडा म्हटलं. पानांवर आकडे आहेत, वही वरून तपासली जाते, म्हणाले. मी ओरडले, वरून म्हणजे कुठून? त्यावर ते इतक्या मायेनं बोलले की अंगावर काटा आला. म्हणाले, वर्षाली, आपण तीनदा विचारतो ना? न विचारता कोणाचं काही घेत नाही आपण. ज्या बाईनं नको लिहिलंय, तिला घेऊन ये. तिनं हो लिहिलं की मिटलं.

कुठून आणू? ती नाहीच!

डाव्या हातानं गुपचूप ‘हो’ लिहून पाहिलं. तासाभरानं पाहिलं तर तिथे काहीच नव्हतं. कागद कोरा.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

पूर्वी आज जिन्यात थांबली, एक पाय वर उचललेला. नऊ मोजले. डॉक्टर म्हणाले सगळं नॉर्मल आहे, मुलं तंद्रीत जातात, मोबाईल कमी द्या. समाधानला सगळं सांगितलं. तो रडलाही नाही आणि चिडलाही नाही, फक्त म्हणाला, वर्षा, कामाचा ताण आहे, दिवाळीनंतर सोड ही नोकरी. शहाणा नवरा मिळाला की असंही होतं.

एकही माणूस कवचाशिवाय बाहेर जाऊ देत नाही मी. एका बाईपुढे तर हात जोडून रडले. तिनं घाबरून घेतलं. सरांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या आणि मला पेढ्यांचा बॉक्स दिला. महिन्यात सगळ्यात जास्त कवच माझं.

शनिवार, १८ ऑक्टोबर. धनत्रयोदशी

तो नंबर लावला. माझाच नंबर, शेवटचा आकडा बदललेला. का लावला, माहीत नाही. कोणीतरी उचलेल, त्याच्यापुढे पदर पसरेन, माझ्याबरोबर चला आणि सोजराबाई म्हणून ‘हो’ लिहा, असं काहीतरी डोक्यात होतं.

म्हातारा आवाज आला. व्हय, म्या सोजराबाई, तळवड्यावरनं.

माझा आवाज होता. मी केला होता तोच.

लक्ष्मीपूजनाला येते म्हणाली. नातीला बघायचंय म्हणाली.

सोमवार, २० ऑक्टोबर

पहाटे उटणं लावताना पूर्वी थांबली. डोळे उघडे, पाणी डोळ्यांवरून ओघळतंय, पापणी लवत नाही. बत्तीस. समाधानच्या कडेवर असताना पुन्हा – तेव्हा त्यानंही मोजले.

सोजराबाई आली की हो म्हणायला लावणारच. दुसरं येतं काय मला? महिन्याभरात शंभर जणांना हो म्हणायला लावलंय. ही तर माझीच. मीच केलेली.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

सुट्टी नाही. पूजेला सगळ्यांनी घरच्यांना आणायचं, सरांचा नियम. पूर्वीला नजरेआड ठेवायची नाही, म्हणून समाधानही घेऊन आलाय. काउंटरवर झेंडू, लाह्या-बत्तासे, मधे नकाराची वही, उघडी. त्याच पानावर. मुहूर्त सव्वासहाचा. मुहूर्ताला पान उलटणार.

मी काउंटरमागून लिहितेय. लिहीत राहिलं की भान सुटत नाही.

साडेपाच – आली. डावा हात पुढे करून दार ढकललं. कमरेत वाकलेली, तोंडाला पदर. चेहरा – मी तिला चेहरा दिलाच नव्हता. पदर आहे फक्त.

पूर्वी तिच्याकडे धावली. आजी म्हणतेय. मी ‘नात’ लिहिलं होतं.

पहिल्यांदा विचारलं. शांतपणे, शिकवलं तसं. मावशी, कवच घ्या, पैसे मी भरते, हे पेन. म्हणाली, नगं बया, नगं.

तिला दुसरं येतच नाही. मी दुसरं काही दिलंच नाही तिला –

दुसऱ्यांदा. पाय धरले. व्हय म्हणा, नुसतं व्हय म्हणा, म्हणून दाखवलं, व्हय बया, दे. तिचे ओठ पदराआड माझ्याबरोबर हलले. व्हय – पर्यंत हलले. मग, नगं बया, नगं.

तिसऱ्यांदा विचारणारच नाही. न विचारता कोणाचं काही घेत नाहीत ना? मग नाहीच विचारणार. दात दाबून बसलेय. सर घड्याळ बघताहेत. सुमनताई मान हलवताहेत, गप्प राहा, गप्प राहा. माझ्यासारखीला गप्प बसणं – पण बसलेय.

सहा वाजून बारा. पूर्वी तिच्या मांडीवर पेढा खातेय. खातेय. तीन मिनिटं फक्त.

समाधान पाण्याची बाटली घेऊन आला. मला रडताना बघून म्हातारीपुढे वाकला. अहो आजी, बिचारी माझी बायको एवढं सांगतेय तर घ्या की कवच –

नाही समाधान नाही नको

नगं बया –

पूर्वीचा पेढा. तोंडाशी. पाच. सहा. थांबलाय. वीस. पान उलटलं सरांनी. चाळीस. पूर्वी. बत्तीसच होते काल, बत्तीसच. साठ. एकसष्ट. ए पूर्वी, आई बघ ना क्रिकेट – सत्तर – एकाहत्तर – पूर्वी, ए बा